राष्ट्रपती जहाजावर येतात तेव्हा

राष्ट्रपतींचं पाऊल युद्धनौकेच्या डेकवर पडतं त्याच क्षणी डोलकाठीच्या टोकाला त्यांचा ध्वज उलगडला पाहिजे. चार सेकंद आधी नाही आणि चार सेकंद उशिरा नाही. लांबून बघणाऱ्याला हे आपोआप घडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ध्वज गुंडाळी करून, एका सुटत्या गाठीनं बांधून आधीच वर चढवून ठेवलेला असतो. खाली सिग्नलचा नौसैनिक दोरी हातात धरून उभा असतो आणि त्याची नजर ध्वजाकडे नसते, गँगवेकडे, म्हणजे जहाजावर चढायच्या वाटेकडे असते. खूण झाली की एकच हिसका द्यायचा. गाठ सुटते, वारा कापडात शिरतो आणि ध्वज फडकतो. गुंडाळी सैल पडली तर पाहुणे अजून बोटीत असतानाच वारा ती उसकटून टाकतो. फार घट्ट बसली तर हिसका देऊनही ती तशीच लोंबत राहते, आणि मग घाबरून आणखी जोर लावला की गाठ सुटण्याऐवजी आवळते. त्यामुळे ही गुंडाळी आदल्या दिवशी, शक्य तर तशाच वाऱ्यात, पुन्हापुन्हा बांधून आणि सोडून बघावी लागते.

नौदलातला मान हा असा असतो. दोरी, गाठ, वेळ, आणि नजर कुठे ठेवायची याचा सराव. त्या नौसैनिकाला पाहुण्यांबद्दल मनातून काय वाटतं, हे त्याला कुणी विचारत नाही. मला तर त्यातच या सगळ्या प्रकाराचं शहाणपण दिसतं. आपल्याकडे नेत्यांना मान द्यायचा म्हणजे हार, जयघोष, पाया पडणं. त्यात कुणी किती वाकलं यावरून निष्ठा मोजली जाते. जहाजावर कुणी जास्त वाकू शकत नाही आणि कमीही. माप ठरलेलं असतं, आणि ते पदाचं असतं. राज्यघटनेच्या कलम ५३(२) प्रमाणे संरक्षण दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे, आणि ते कायद्यानं ठरवल्याप्रमाणे चालवायचं आहे. डेकवर रांगेत उभ्या असलेल्या माणसानं निवडणुकीत कुणाला मत दिलं, याचा त्या सलामीशी काही संबंध लागू नये, म्हणून ती इतकी कोरडी आणि काटेकोर ठेवलेली आहे.

स्वतंत्र भारताच्या नौदलाला डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपतींचं निशाण प्रदान केलं. तिन्ही दलांत हा मान मिळवणारं नौदल पहिलं. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईला राष्ट्रपतींनी ताफ्याची पहिली पाहणी केली. तेव्हापासून साधारणपणे प्रत्येक राष्ट्रपतींच्या कारकिर्दीत एकदा ताफा असा मांडून दाखवण्याची रीत आहे. बराच काळ हे मुंबईतच होत असे. पुढे विशाखापट्टणमचा वाटा वाढला. २००६, २०१६ आणि २०२२ च्या पाहण्या तिथेच झाल्या. मधली २०११ ची मात्र मुंबईत, आणि त्या वेळी सर्वोच्च सेनापती होत्या प्रतिभाताई पाटील.

अशा पाहणीसाठी राष्ट्रपतींची नौका म्हणून निवडतात ते जहाज बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. २०१६ ला प्रणव मुखर्जी आणि २०२२ ला रामनाथ कोविंद ज्या जहाजावरून ताफा पाहत गेले ते आयएनएस सुमित्रा. हे किनाऱ्यापासून दूर गस्त घालणारं जहाज, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं, लांबी सुमारे १०५ मीटर. क्षेपणास्त्रांनी भरलेली मोठी विनाशिका त्यासाठी घेत नाहीत, आणि मला ते पटतं. विनाशिका ही दाखवण्याची वस्तू. बघणाऱ्याला हवा मोकळा डेक, कमी वेगातही सरळ चालणारं जहाज आणि दोन्ही बाजूंनी अडथळा नसलेली नजर. जहाजाच्या अंगावर अशोकचिन्ह लावलं, डोलकाठीवर राष्ट्रपतींचा ध्वज चढला की गस्तीचं जहाज त्या दिवसापुरतं राष्ट्रपतींचं होतं.

खरी कसोटी लागते ती मात्र नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची. २०२२ मध्ये साठाहून अधिक जहाजं आणि पाणबुड्या, चार रांगा. कागदावर रांग ओढणं सोपं आहे. समुद्रावर ती ओढताना पहिली अडचण अशी की जहाज चालवणारा उभा असतो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या उंच खोलीत, आणि नांगर पडतो पुढे, नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी. ठरलेल्या जागी ब्रिज आला म्हणून नांगर सोडला तर जहाज तेवढ्या अंतरानं पुढे गेलेलं असतं. प्रत्येक जहाजासाठी हे अंतर वेगळं, ते आधी वजा करून ठेवावं लागतं. दुसरी अडचण साखळीची. नांगर तळाला लागल्यावर जहाज थोडं मागे जातं, साखळी पसरते आणि मग जहाज त्या साखळीच्या टोकावर वारा नि प्रवाह नेतील तसं झुलतं. शेजारच्या जहाजानं साखळी कमी-जास्त सोडली असेल तर नांगर एका ओळीत असूनही जहाजं ओळीत दिसत नाहीत. तिसरी अडचण आकारांची. उंच बांधणीचं विमानवाहू जहाज वाऱ्याचं ऐकतं, तर बहुतेक शरीर पाण्याखाली असलेली पाणबुडी प्रवाहाचं. वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून असला की दोघांची तोंडं दोन दिशांना. मुंबईत तर उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. भरती फिरली की अख्खा ताफा सावकाश गिरकी घेऊन उलट्या दिशेला तोंड करतो, आणि ती गिरकी नेमकी पाहणी चालू असताना आली तर रांगेचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून कार्यक्रमाची वेळ ठरवताना राष्ट्रपती भवनाच्या वेळापत्रकाइतकंच भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवावं लागतं. या एका बाबतीत समुद्र कुणाचंही पद मानत नाही.

नांगरलेल्या जहाजांवर नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत आणि तिथून मागच्या टोकापर्यंत रंगीबेरंगी सिग्नल-ध्वजांची माळ लागते. तिच्यातले ध्वज हाताला येतील तसे ओवत नाहीत. त्यांचा क्रम ठरलेला असतो, म्हणजे सगळी जहाजं सारखी दिसतात आणि माळेतून चुकून एखादा संदेश तयार होत नाही. ही पूर्ण माळ नांगरलेल्या किंवा धक्क्याला लागलेल्या जहाजाचा दागिना आहे. जहाज समुद्रात चालू लागलं की ती उतरते, कारण भर वाऱ्यात तिचे दोर अँटेनांत आणि रडारमध्ये अडकायला वेळ लागत नाही.

आणि मग माणसं. फोटोत सगळ्यात देखणी दिसते ती कठड्याला लागून उभी असलेली पांढऱ्या गणवेशाची रांग. तिच्यामागे किती साधी कामं आहेत! दोन माणसांमधलं अंतर मोजून डेकवर खुणा केलेल्या असतात, कारण हलत्या जहाजावर नजरेच्या अंदाजानं उभं राहिलं की रांगेत कुठे गर्दी होते, कुठे भगदाड पडतं. रंगकाम निदान दोन-तीन दिवस आधी थांबवावं लागतं. खाऱ्या दमट हवेत रंग वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आतून ओला राहतो, आणि त्याचा शोध नेमका पांढऱ्या पँटला लागतो. टोपीची पट्टी हनुवटीखाली घ्यायची की नाही हेही वाऱ्यावर. पट्टी वर ठेवली तर टोपी समुद्रात जाण्याची भीती, आणि खाली घेतली तर जयघोषाच्या वेळी टोपी काढताना ती हनुवटीत अडकते.

सगळ्यात मोठा धोका उन्हाचा आणि न हलता उभं राहण्याचा. गुडघे ताठ आवळून तासभर सावधान उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस डोळ्यांपुढे अंधारी येऊन सरळ पुढे कोसळतो. पुढे कठडा असतो, कठड्यापलीकडे पाणी. यात दुबळेपणाचा काही संबंध नाही. धडधाकट, व्यायाम केलेली पोरंसुद्धा अशी पडतात, उपाशीपोटी असली तर हमखास. उपाय सगळे ठाऊक असलेले आहेत. न्याहारी चुकवू द्यायची नाही, आदल्या रात्रीपासून भरपूर पाणी, गुडघे किंचित सैल ठेवायचे, बुटांच्या आत पायाची बोटं आणि पोटऱ्या हलवत राहायच्या म्हणजे रक्त वर ढकललं जातं. शेजाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला, तो डुलू लागला की त्याला मागे घ्यायचं. रांगेच्या मागे, पाहुण्यांना दिसणार नाही अशा जागी, राखीव माणसं त्याच गणवेशात तयार ठेवतात. एक मागे गेला की दुसरा पुढे येऊन त्याच खुणेवर उभा राहतो. लांबून बघणाऱ्याला ओळ अखंडच दिसते.

राष्ट्रपतींची नौका समोरून जाऊ लागली की आधी शिट्टी होते. ही शिट्टी नौदलाची खास, बोसन्स कॉल. टोकाला पोकळ गोळा, त्याला बॉय म्हणतात. नळी म्हणजे गन. खालची उभी पट्टी कील आणि साखळी अडकवायची कडी शॅकल. बोटांनी गोळ्यावर कमी-जास्त झाकण धरून खालचा आणि वरचा, असे दोनच मुख्य सूर काढायचे. शिडांच्या काळात मोठ्या अधिकाऱ्याला समुद्रात दोरीच्या खुर्चीत बसवून डेकवर ओढून घेत, तेव्हा ओढणाऱ्यांना ‘उचला’, ‘थांबा’ सांगायला ही शिट्टी असे. खुर्ची गेली, शिट्टी मान म्हणून राहिली. ती वाजवणं दिसतं तितकं सोपं नाही. फुंकीबरोबर थुंकी आत गेली की सूर फाटतो, गोळ्याच्या छिद्राला बारीकसा पोचा आला तरी स्वर बदलतो, आणि दोघेतिघे एकत्र वाजवत असले की एकाचा श्वास अर्ध्यात संपलेला सगळ्यांना ऐकू येतो.

शिट्टीनंतर सावधान, मग टोप्या हातात घेऊन राष्ट्रपतींच्या नावानं तीन वेळा जय. ब्रिटिश नौदलातल्या हुर्रेच्या जागी आपण जय आणला, बाकी कवायत तशीच राहिली. हात किती कोनात वर जायचा हेही ठरलेलं असतं. पहिल्या जयला सगळे हात एकदम वर जातात. तिसऱ्या जयपर्यंत ते तसेच एकदम जावेत, यासाठी खरा सराव लागतो.

नौदलाची रोजची सलामी मात्र वेगळी. भूदलाचा तळहात समोरच्याला दिसतो, नौदलाचा जमिनीकडे असतो. याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण असं, की डांबर आणि दोरखंड हाताळून काळे झालेले हात वरिष्ठाला दिसू नयेत. डोक्यावर टोपी नसेल तर हातानं सलामी नाही, नुसतं सावधान. आणि जहाजावर चढताना प्रत्येक जण, मग तो कितीही मोठा अधिकारी असो, आधी मागच्या भागाकडे, क्वार्टरडेककडे आणि नौदलध्वजाकडे तोंड करून सलामी देतो, मग माणसांना. हा क्रम मला फार आवडतो. माणसाआधी जहाज.

तो ध्वजही बदलत आला आहे. १९५० नंतर कोपऱ्यात तिरंगा आला तरी सेंट जॉर्जचा लाल क्रॉस राहिला होता. २००१ मध्ये तो काढला, २००४ मध्ये परत आणला आणि अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला आयएनएस विक्रांत नौदलात दाखल होताना पंतप्रधानांच्या हस्ते नवा ध्वज आला. त्यावरची अष्टकोनी चौकट शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. मराठी माणसाला याचा आनंद होतोच. पण महाराज आरमाराचे नुसते संस्थापक नव्हते, याची आठवण त्या आनंदात कमी येते. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात झाली, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः मालवणहून समुद्रमार्गे निघाले. बरोबर ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं, ही संख्या तेव्हाच्या इंग्रजांच्या नोंदींवरून येते. गोव्याच्या पोर्तुगीजांच्या डोळ्यांसमोरून ताफा आताच्या कर्नाटकातल्या बसरूरपर्यंत गेला आणि परतताना महाराज गोकर्णाला उतरले. राज्यकर्ता जहाजावर चढला तो सलामी घ्यायला नव्हे, मोहिमेला.

तोफांच्या सलामीबद्दल लोकांत बराच गोंधळ असतो. राष्ट्रपतींना २१ तोफा म्हणजे २१ वेगवेगळ्या तोफा नव्हेत, २१ बार. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला ते राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत बसवतात, म्हणजे दोन बारांत दोन-अडीच सेकंदांच्या आसपास अंतर. त्यासाठी सात तोफा आळीपाळीनं उडतात. बार रिकामे असतात, गोळा नसतो, पण म्हणून ते निरुपद्रवी नसतात. तोंडातून ज्वाळा आणि जळकी चिंधडी बाहेर पडते, त्यामुळे समोरच्या पट्ट्यात बोटी आणि माणसं येऊ द्यायची नाहीत. एखादा बार उडालाच नाही तर ती तोफ लगेच उघडायची नसते, कारण आतली दारू उशिरानंही पेटू शकते. ती तशीच ठेवून पुढची तोफ तिच्या जागी बार टाकते आणि मोजणी चुकू द्यायची नसते. आकडा विषम ठेवण्याची रीत जुन्या नौदलांतून आलेली, सम बार शोकाचे समजत. २० वर थांबलेली किंवा २२ वर गेलेली सलामी ही सर्वांना ऐकू गेलेली चूक असते, म्हणून मोजणी कधीही एकट्यावर सोडत नाहीत.

आता पाहुण्यांकडे वळतो, कारण मानाचा दुसरा भाग त्यांच्याकडे असतो आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ७ नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात दाभोळीच्या आयएनएस हंसा तळावर उतरल्या. तिथे १५० जणांची मानवंदना झाली आणि तिथून त्या समुद्रात विक्रांतवर गेल्या. सोबत १५ जहाजं आणि पाणबुड्या, वरून ३० हून अधिक विमानं. विक्रांत म्हणजे २६२ मीटर लांबीचं, ६२ मीटर रुंदीचं जहाज, १४ मजले, सोळाशेच्या आसपास माणसं. एवढं मोठं असलं तरी त्याचा उड्डाणाचा डेक ही जगातल्या सगळ्यात धोकादायक कामाच्या जागांपैकी एक आहे, आणि तिथे पाहुण्यानं मान द्यायचा म्हणजे सांगितलेलं ऐकायचं.

विमानं सुटण्याआधी माणसं खांद्याला खांदा लावून डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चालत जातात. सुटलेला स्क्रू, तारेचा तुकडा, बटण, काहीही उचलायचं. जेट इंजिन समोरची हवा ओढतं आणि तिच्याबरोबर जे येईल ते गिळतं. एक खिळा आतली पाती फोडायला पुरतो. आता अशा डेकवर शाली, पदर, पुष्पगुच्छ, कार्यक्रमपत्रिका, कॅमेऱ्याची झाकणं घेऊन चाळीसेक पाहुणे आले की काय होईल! म्हणून टोप्या काढायच्या, सैल कापड बांधायचं, खिसे बंद करायचे, कानांवर संरक्षक लावायचे आणि आखलेल्या रेषेच्या आत थांबायचं. रेषेबाहेर एक पाऊलही ‘फोटोसाठी फक्त’ टाकायचं नसतं.

मिग-२९के हे लढाऊ विमान उतरतं तेव्हा त्याच्या मागच्या आकड्यानं डेकवरच्या तीन तारांपैकी एक पकडायची असते. चाकं टेकताच वैमानिक इंजिन कमी करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. तार हुकली तर पुढे पुन्हा उडायला वेग हवा, थांबून विचार करायला डेक उरलेला नसतो. तार पकडली गेली की मग इंजिन खाली, आणि पिवळ्या जर्सीतला माणूस हातांच्या खुणांनी विमान बाजूला घेतो. वैमानिक हुद्द्यानं त्याच्यापेक्षा कितीतरी वर असतो आणि तरी त्याच्या खुणेबाहेर इंचभर हलत नाही. जहाजावरचा आदर मला तोफांपेक्षा इथे जास्त खरा वाटतो. ज्याचं काम, त्याचा शब्द. राष्ट्रपती डेकवर असल्या तरी जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कॅप्टनचीच राहते. वारा बदलला, हेलिकॉप्टर उतरवणं बरोबर वाटेना, तर कार्यक्रम लांबवायची हिंमत कॅप्टनला असली पाहिजे आणि तो लांबलेला निमूट मान्य करण्याची समज पाहुण्यांना.

छोट्या बोटीतून जहाजावर जातानाही हा मान उलटा चालतो. सगळ्यात ज्येष्ठ माणूस बोटीत शेवटी बसतो आणि सगळ्यांत आधी उतरतो. हलत्या बोटीत त्याला ताटकळावं लागू नये, हा त्यामागचा हिशेब. राजशिष्टाचारात न मुरलेला एखादा पुढारी घाईनं आधी बोटीत शिरतो आणि मग बाकीचे येईपर्यंत लाटांवर डुलत बसतो, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मुर्मू यांच्या भेटीच्या त्या दिवशी विक्रांतवर शेवटी ताफ्याची सलामी झाली. जहाजं एकामागून एक, ठरलेल्या अंतरानं, बाजूनं निघून जातात. सागरी अंतर मोजायचं लहान माप म्हणजे केबल, सुमारे १८५ मीटर. दोन जहाजांतलं अंतर त्यातच सांगतात. पुढच्या जहाजानं वेग जरासा कमी केला की मागचं जवळ येतं, त्याच्या मागचं आणखी जवळ, आणि शेवटच्याला तर जोरानंच वेग कमी करावा लागतो. म्हणून इंजिनाचे फेरे दोन-चारांनी कमी-जास्त करत राहणं हेच तिथलं काम, मोठी सुधारणा करायची वेळच येऊ द्यायची नाही. बाजूचं अंतरही मनात येईल तसं कमी करता येत नाही. चालत्या जहाजाच्या नाळेशी पाण्याचा दाब वाढलेला असतो आणि मधल्या भागाजवळ कमी झालेला. दोन जहाजं वेगात फार जवळून गेली तर आधी एकमेकांना ढकलतात आणि मग एकमेकांकडे ओढली जातात, आणि यात लहान जहाज नेहमी हरतं.

जहाजावर सोळाशे माणसं असली तरी कठड्याशी उभी राहू शकतात ती ज्यांची पाळी नाही तेवढीच. इंजिन, जनरेटर, रडार, स्वयंपाकघर, नुकसान-नियंत्रणाची खोली, इथली माणसं खालीच असतात. त्यांना पाहुणे दिसत नाहीत, फोटोत ती येत नाहीत. राष्ट्रपतींनी त्या दिवशी नौसैनिकांबरोबर जेवण घेतलं आणि त्यांचं भाषण समुद्रातल्या सगळ्या जहाजांवर ऐकवलं गेलं. खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचणारी गोष्ट हीच. भेट आखणाऱ्यांनी वेळ कमी पडला की तोफा, विमानं राखून नेमकं हेच कापू नये.

कारण वरचा मान टापटीप असून खालचा नसेल तर काय होतं, हे मुंबईनं पाहिलेलं आहे. २ फेब्रुवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिनलेक कुलाब्याच्या एचएमआयएस तलवार या संदेशवहन प्रशिक्षण केंद्राला भेट देणार होते. पहारा कडक होता, चुना-रंग झालेला होता. तरी ज्या मंचावरून ते सलामी घेणार होते त्याच्यावरच ‘जय हिंद’ आणि ‘भारत छोडो’ उमटलं. बी. सी. दत्त या तारायंत्र चालवणाऱ्या नौसैनिकाला पकडलं गेलं. निकृष्ट अन्न, गोऱ्यांपेक्षा कमी पगार, आणि कमांडिंग ऑफिसर किंगच्या तोंडची गलिच्छ शिवीगाळ. १८ फेब्रुवारीला नौसैनिकांनी न्याहारी नाकारली. बघता बघता ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे २०,००० नौसैनिक संपात उतरले, डोलकाठ्यांवरून ब्रिटिश निशाण उतरलं आणि काँग्रेस, लीग, लाल बावटा असे तीन झेंडे चढले. शहर रस्त्यावर आलं, गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. या नौसैनिकांना सलामी कशी द्यायची ते नीट शिकवलेलं होतं. शिकवणाऱ्यांनी त्यांना माणसं म्हणून वागवलं नव्हतं.

दिखाऊपणाची घाई हा दुसरा रोग, आणि तो ब्रिटिशांबरोबर गेला नाही. पाहुणे येणार त्या वाटेवरच्याच भिंती रंगवायच्या, नळाला दोन दिवस पाणी आणायचं, हे आपल्या सगळ्या खात्यांत चालतं. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन मालवण-तारकर्लीला झाला. सिंधुदुर्ग समोर, जहाजं किनाऱ्याजवळ, पंतप्रधान हजर. कोकणासाठी मोठा दिवस होता. त्याच दिवशी मालवणच्याच राजकोट किल्ल्यावर अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. दोष कुणाचा हा चौकशीचा आणि न्यायालयाचा विषय आहे. पण समारंभासाठी उभं केलेलं काम समारंभानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातही उभं राहिलं पाहिजे, एवढी अपेक्षा आरमाराच्या किनाऱ्यावर तरी जास्त नाही.

समारंभाला जिथे जागाच नाही असंही एक जहाज आहे, पाणबुडी. १३ फेब्रुवारी २००६ रोजी डॉ. अब्दुल कलाम विशाखापट्टणमजवळ आयएनएस सिंधुरक्षकमधून पाण्याखाली गेले. असं करणारे ते पहिले राष्ट्रपती. २८ डिसेंबर २०२५ रोजी द्रौपदी मुर्मू कारवारहून आयएनएस वाघशीरमधून गेल्या. माझगाव गोदीत बांधलेली ही पाणबुडी लांबीला ६७ मीटरच्या आसपास, आतली माणसं चाळीसेक. तिथे मानवंदनेची तुकडी उभी राहू शकत नाही, कठडा नाही, तोफ नाही. अरुंद झाकणातून उभ्या शिडीनं, शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात मोकळे ठेवून उतरायचं, आणि डोकं सांभाळायचं. कुठल्याही लिव्हरला हात लावायचा नाही. पाणबुडी निघण्यापूर्वी आत असलेल्या प्रत्येकाचं नाव किनाऱ्यावर ठेवण्याची पद्धत जगभर आहे, कारण काही झालं तर वर आलेली माणसं कशाशी ताडून मोजायची, हे बाहेरच्यांना माहीत हवं.

आणि पाहुण्यांचं वजनही धरावं लागतं. पाण्याखाली पाणबुडी ना जड ना हलकी, अशी तोललेली असावी लागते. राष्ट्रपती, नौदलप्रमुख, डॉक्टर, सुरक्षेची माणसं मिळून डझनभर जादा माणसं आली तर सरासरी ७० किलोच्या हिशेबानं ती ८४० किलो होतात, आणि ती सगळी नियंत्रण कक्षात गर्दी करून उभी राहिली तर तोल एका बाजूला जातो. मग तोल राखणाऱ्या टाक्यांमधलं पाणी तेवढ्या हिशेबानं कमी करायचं, किंवा पुढून मागे सरकवायचं. बुडी मारण्यापूर्वीच्या त्या आकडेमोडीत सर्वोच्च सेनापतींचा हुद्दा कुठेच लिहिलेला नसतो. त्यांचे किलो तेवढे बेरजेत धरलेले असतात.